झीलकरी

जाहिरातीच्या धंद्यात कंपनीचं नाव जितकं बिनबुडाचं तितकी तिची फी जास्त, असा काही तरी अलिखित नियम असावा. बुद्धभूषण ओव्हाळला जिथं नोकरी लागली त्या कंपनीचं नाव होतं 'ऑरेंज क्रो'. ऑफिस कोथरूडला. सुंदराबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, त्या नावाचं मराठी करून हडपसरच्या आपल्या अख्ख्या गल्लीत सांगितलं, "पोरगा नारंगी कावळ्यात लागला." शेजारीण कौतुकानं म्हणाली, "बरं झालं बाई. मग रोज कात्रजला जावं लागत असंल, प्राणिसंग्रहालयात."

तिचं अगदीच चुकलं नव्हतं. पहिल्या दिवशी भूषणला सगळ्यांसमोर उभं केलं ते नवा प्राणी आणल्यासारखंच. क्रिएटिव्ह डायरेक्टर दिग्विजय म्हणाला, "गाइज, हा आपला रॅपर. ऑथेंटिक आहे, हडपसरचा आहे." कुणी तरी टाळ्या वाजवल्या. भूषणचा एक व्हिडिओ दिग्विजयनं पाहिला होता आणि त्यावरच नोकरी मिळाली होती. सध्या ज्याला त्याला जाहिरातीत रॅप हवा असतो. तुपावर रॅप, विम्यावर रॅप, दाताच्या दवाखान्यावरसुद्धा रॅप. भांड्याच्या साबणावर त्यानं एक लिहिला, तो बराच चालला. त्यात 'खरकटं' या शब्दाला त्यानं असं यमक जुळवलं होतं की क्लायंटनं ते पहिल्या झटक्यात उडवलं.

हा नवा मुलूख त्याला समजायला वेळ लागला. मग त्यानं एक युक्ती केली. जे समजत नाही ते सायफरमध्ये बसवून बघायचं. सायफर म्हणजे गोल. हडपसरला मंडईपलीकडच्या बागेच्या पायऱ्यांवर दर रविवारी संध्याकाळी दहा-पंधरा पोरंपोरी गोल करून उभी राहतात. पायल तोंडानं बीट वाजवते आणि एकेक जण आत येऊन आपल्या ओळी टाकतो. ओळीला तिथं बार म्हणतात. या हिशेबानं पाहिलं तर ऑफिसातली मीटिंग म्हणजे बीट नसलेला सायफर होता. साहेबाला कॉपीत ठेवून पाठवलेला मेल म्हणजे सरळ सरळ कुणाला तरी मारलेला टोमणा. आणि "इंटरेस्टिंग आहे, यावर बोलू" म्हणजे तुझा बार पडला, बाजूला हो. असं एकदा बसवल्यावर त्याला कॉर्पोरेटची भीती वाटेनाशी झाली. रस्त्यावर वाढलेल्या पोराला कोण कुणाकडे बघून हसतंय हे कळतंच, तिथं फक्त एसी नसतो.

पण या जंगलात तो टिकला तो नुसत्या हुशारीवर टिकला नाही. तो टिकला नम्रतामुळे, आणि हे तो कुणालाही सांगायला तयार होता.

नम्रता आगाशे ही तिथली सीनिअर कॉपीरायटर. वय चाळिशीच्या पुढे, केस आखूड, चष्मा डोक्यावर. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारायचे, तसा दंडकच होता. पण आपल्याहून एवढ्या मोठ्या बाईला नुसतं 'नम्रता' म्हणायला भूषणची जीभ वळेना, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडून "ताई" गेलं. सगळे हसले. नम्रता म्हणाली, "राहू दे. या ऑफिसात 'ब्रो' आहे, 'बेब' आहे, एखादी ताई असली तर काय बिघडतंय?" तेव्हापासून ती त्याची ताई झाली.

तिनं त्याला मेल लिहायला शिकवलं. काय हवंय ते आधी, का हवंय ते मग, आभार, आणि गप्प बसायचं. क्लायंट 'थोडं पॉप होऊ दे' म्हणतो तेव्हा त्याला स्वतःलाही काही माहीत नसतं, हेही तिनंच सांगितलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, मीटिंगमध्ये त्याची ओळ पडद्यावर आली की ती न चुकता म्हणायची, "ही ओळ भूषणची आहे." जाहिरातीच्या जगात ओळीला बाप नसतो, जो मोठ्यानं वाचेल तो तिचा बाप. त्या जगात हे एवढंसं वाक्य म्हणजे केवढी गोष्ट होती! भूषण मनातल्या मनात दर वेळी तिला हात जोडायचा.

तिची एक गोष्ट त्याच्या कानानं पकडली, ती बऱ्याच दिवसांनी. अक्षरं हा त्याचा रोजचा खेळ, म्हणूनच त्याच्या लक्षात आलं. नम्रता 'नाही' म्हणायची नाही. 'छे' म्हणायची. फोनवर "आगाशे बोलतेय" म्हणायची, स्वतःचं नाव कधीच सांगायची नाही. 'नंतर' ऐवजी 'मग', 'नवीन' ऐवजी 'ताजं'. रस्त्यात खड्डा आहे हे पाठ असलेली गाडी जशी सवयीनं बाजूनं जाते, तशी ती 'न' या अक्षराला वळसा घालून जायची. बरं वाटत असलं की 'न' सहज निघे. दमली असली, किंवा दहा माणसं तोंडाकडे बघत असली, की तो अडकायचा आणि सुटायचाच नाही. मागच्या महिन्यात एका मीटिंगमध्ये ती आकडेवारी सांगताना 'नऊ टक्के'पाशी अशी अडकली की शेवटी दिग्विजयनं तिच्या हातातून रिमोट घेतला आणि उरलेलं सगळं स्वतःच बोलून टाकलं. त्याबद्दल पुढे कुणी चकार शब्द काढला नाही.

आणि अशात आलं ते 'निवांत'.

निवांत नावाच्या गाद्या बनवणारी हडपसरचीच जुनी कंपनी. मालक रंगनाथराव सत्तरीचे आणि बोलायला असे की समोरच्यानं घरून नीट जेवूनच यावं. ऑरेंज क्रोची आधीची दोन प्रेझेंटेशन्स त्यांनी मोडीत काढली होती. पहिल्या वेळी म्हणाले, "तुमच्या चित्रातला माणूस झोपलेला वाटत नाही, गेलेला वाटतो." दुसऱ्या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गाड्यांना पार्किंग मिळालं होतं ना? मग निघा." आता येत्या मंगळवारी तिसरी आणि शेवटची संधी होती. हे काम गेलं की माणसं कमी होणार होती, आणि माणसं कमी करायची झाली तर पहिला नंबर कुणाचा हे सांगायला ज्योतिषी नको होता. भूषण अजून प्रोबेशनवर होता. घरात आप्पा रिटायर झालेले, आईचे गुडघे गेलेले. त्याला ही नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

रंगनाथरावांची मागणी एकच होती: तरुण पोरांना आवडेल असं काही तरी करा. दिग्विजयनं लगेच भूषणला सोळा ओळींचा रॅप लिहायला लावला. भूषणनं लिहिला आणि तो चांगला झाला, त्याचा त्यालाच चांगला वाटला. पण नम्रतानं स्वतःचं वेगळं लिहिलं होतं. तिनं ते वाचून दाखवलं नाही, लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

'पहाटेचं गिऱ्हाईक, दुपारचा हिशेब, संध्याकाळचा क्लास. मग?
निवांत.
सासरचे पाहुणे, माहेरचा फोन, उद्याचा डबा. मग?
निवांत.
साहेबाचा मेल, मेलवर मेल, त्यावर प्लीज रिप्लाय. मग?
निवांत.
बोलायचं होतं ते राहिलं, ऐकायचं होतं तेही राहिलं. मग?
निवांत.'

भूषणनं दोनदा वाचलं. आपल्या सोळा ओळी एकीकडे आणि हे एकीकडे, हे त्याला तिथल्या तिथं कळलं आणि थोडं झोंबलंही. मग त्याला दुसरी गोष्ट दिसली.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "शब्द चार वेळा आहे."

नम्रतानं चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"दिवाळीपासून."

"आणि गप्प राहिलास."

"बोलण्यासारखं काय त्यात? शब्द बदलायचा का? 'गाढ' करू."

"कंपनीचं नाव 'गाढ' आहे का?" ती म्हणाली. "छे. तोच शब्द बरोबर आहे. माझ्या सोयीसाठी बदलला तर मी लिहिते कशाला?"

"मग मी वाचतो. तुम्ही बाकीचं बोला."

नम्रतानं लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला. "शाळेत हजेरीत माझी पाळी आली की शेजारची मुलगी सांगायची, बाई, ही हजर आहे. दर वेळी दुसऱ्याच्या तोंडानं किती वर्षं बोलायचं रे? हे मी लिहिलंय, मीच वाचणार. अडकले तर अडकले."



दिग्विजयनं भूषणला गाठलं ते कॉफीच्या मशीनपाशी. दिग्विजय वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कुठलीही जागा रिकामी बघवत नसे. "ब्रो, सरळ बोलतो," तो म्हणाला. "सीनिअर म्हणून मंगळवारी आधी नम्रता वाचणार, आणि फ्रीझ होणार. मागच्या वेळी झाली तशीच. त्या मोमेंटला तू उठायचं. टेबलावर हात मारायचा आणि सोळा बार सुरू. म्हातारा उडेल. अकाउंट आपलं, कन्फर्मेशन तुझं, आणि निवांतचा लीड तूच."

"आणि ताई?"

"ताई काय? मी तिला पाडतोय का? ती पडली तर उचलायला कुणी तरी पाहिजेच. माइक खाली पडला की जो उचलतो तो स्टार, तुमच्यात असंच असतं ना?"

भूषणला 'हो' म्हणता आलं नाही आणि 'नाही'ही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर त्याला मोह झाला. कुणाला होणार नाही? आयुष्यभर ज्या माइकसाठी पोरगा धडपडतो तो कुणी ताटात वाढून समोर ठेवला, तर हात पुढे जातोच.

रविवारी बागेच्या पायऱ्यांवर गोल मोडल्यावर त्यानं पायलला सगळं सांगितलं. पायल दिवसा एका आयटी पार्कात कामाला होती आणि रविवारी त्या गोलाची पोलीस, न्यायाधीश आणि आई असं सगळं होती. ती पाण्याची बाटली रिकामी करून म्हणाली, "बॅटलमध्ये, दोघांच्या सामन्यात, समोरचा पडला तर तू त्याला खा. तिथं नियमच तो आहे. ही बॅटल आहे का?"

"नाही."

"मग सोपं आहे. मंगळवारी जे करशील ते पुढच्या रविवारी इथं, गोलात, बीटवर सांगता आलं पाहिजे. सांगता येत असेल तर कर."

"आणि नोकरी गेली तर?"

"तर त्यावर बार लिही. चांगला होईल," पायल म्हणाली आणि तिनं त्याच्या डोक्यात टपली मारली.

घरी आला तेव्हा आप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. धोंडिबा ओव्हाळ. तीस-बत्तीस वर्षं कंपनीत मशीनवर उभे राहिले आणि त्यातली बहुतेक वर्षं भीमजयंतीच्या दिवसांत महिपतीबुवांच्या गायन पार्टीबरोबर फिरले. पण पोस्टरवर त्यांचं नाव कधी आलं नाही. पोस्टरवर 'महिपतीबुवा आणि पार्टी' असायचं, आणि आप्पा त्या 'आणि पार्टी'मध्ये होते. ते झीलकरी होते. मुख्य गायकानं ओळ म्हटली की तिचं शेपूट उचलून लांबवायचं, म्हणजे गायकाला दम घ्यायला फुरसत मिळते. याला झील ओढणं म्हणतात. लहानपणी भूषण स्टेजच्या कडेला मांडी घालून बसायचा आणि त्याला वाटायचं, आपल्या बापाला गाण्याचं फक्त शेवटचं टोकच येतं.

महिपतीबुवांची एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. बुवा गाताना गंगेसारखे वाहायचे, पण नुसतं बोलायला लागले की तोतरे. गाण्याआधी चार शब्द बोलायचे असत आणि बुवांचं 'बंधू'मधलं 'ब' तिथंच ठाण मांडून बसे. तेव्हा आप्पा मागून हळूच ठेका धरत आणि खालच्या सुरात 'जी जी' करत. त्या ठेक्यावर बुवांचं 'बंधूंनो आणि भगिनींनो' झोकात बाहेर पडे आणि लोकांना वाटे, कार्यक्रमाची सुरुवातच तशी आहे.

"आप्पा," भूषणनं सहज विचारलं, "तुम्हाला कधी वाटलं नाही, आपण पुढं बसून गावं?"

"वाटलं की. गायलो बी एकदा, बुवा आजारी होते तवा," आप्पा म्हणाले. "पर मागं कोनीच नव्हतं झील ओढाया. दमलो लई." आणि ते स्वतःशीच हसले.

मंगळवारी अख्खं ऑरेंज क्रो कोथरूडहून ट्रॅफिकला शिव्या देत हडपसरला आलं. भूषण घरून चालत गेला. निवांतच्या कारखान्यातली मीटिंगची खोली साधी होती. लाकडी टेबल, भिंतीवर दिनदर्शिका, आणि नव्या फोमचा वास. रंगनाथराव आधीच येऊन बसले होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "आलात? मला वाटलं, जाहिरात बघायला मलाच कोथरूडला यावं लागतंय."

नम्रता उभी राहिली. तिनं स्लाइड लावलीच नाही, हातात एकच कागद होता. दिग्विजय भूषणच्या शेजारी बसला होता.

"पहाटेचं गिऱ्हाईक," ती म्हणाली, "दुपारचा हिशेब, संध्याकाळचा क्लास. मग?"

आणि थांबली.

क्षणभर ते थांबणं मुद्दाम घेतलेलं वाटलं. मग तिच्या हनुवटीखालची शीर ताठ झाली. "न…" ती म्हणाली. "नि… नि…" तिचे डोळे कागदावरून हटेनात. टेबलापलीकडच्या एका माणसानं संकोचून पेन उघडून बंद केलं. दिग्विजयनं टेबलाखाली भूषणच्या पायाला पाय लावला. आता.

सोळाच्या सोळा ओळी भूषणच्या जिभेवर उभ्या होत्या. एक हात टेबलावर मारला असता तर सुटल्या असत्या. त्यानं हात उचललासुद्धा. पण तो खाली आला तो वेगळ्याच ठेक्यात. दोन बोटांचा, हलका, लाकडावर कसाबसा ऐकू येईल एवढा. तो ठेका त्यानं स्टेजच्या कडेला मांडी घालून बसल्या बसल्या शेकडो वेळा ऐकला होता. आणि त्याच्या तोंडून नम्रताच्याच शेवटच्या शब्दाचं शेपूट निघालं, खालच्या सुरात, गुणगुणल्यासारखं.

"मग, मग, मग काय?"

नम्रतानं मान वर केली. त्यानं पुन्हा म्हटलं, "मग, मग, मग काय?" आणि ठेक्याची सम जिथं येते तिथं तिच्याकडे बघून ओठ 'नि'वर आणले. दोघांच्या तोंडून तो शब्द एकदम सुटला. भूषणनं अर्ध्यावर आपला आवाज सोडून दिला. पुढचं 'वांत' तिचं एकटीचं होतं.

दुसऱ्या वेळी त्यानं फक्त 'मग, मग, मग काय' म्हटलं आणि 'निवांत' ती एकटीच म्हणाली. तिसऱ्या वेळी, साहेबाच्या मेलपाशी, टेबलापलीकडचे दोघे हसले. तिचा आवाज मोकळा होत गेला, आणि भूषणनं आपला तितकाच खाली घेतला. शेवटची ओळ तिनं कागद खाली ठेवून म्हटली.

"बोलायचं होतं ते राहिलं. ऐकायचं होतं तेही राहिलं. मग?"

भूषण तोंड उघडणार, तोच टेबलाच्या टोकाकडून एक घोगरा आवाज आला.

"मग काय?" रंगनाथराव म्हणाले. त्यांच्या तोंडून ते आपसूक गेलं होतं.

"निवांत," नम्रता म्हणाली.

 यापुढे कुणी काही बोलण्याची गरज नव्हती, पण दिग्विजयला रिकामी जागा बघवत नसे. तो पुढे सरसावला. "सर, ऑप्शन म्हणून आपल्याकडे एक रॅप व्हर्जनपण आहे."

"मग आत्ता झालं ते काय होतं," रंगनाथरावांनी विचारलं, "कीर्तन?"

मग ते नम्रताकडे वळले. "बाई, हे मी घेतलं. आवाज तुम्हा दोघांचेच हवेत. कुठला नटबिट आणलात तर पैसे देणार नाही." आणि बेल दाबून म्हणाले, "चहा सांगतो. माझ्याकडे मीटिंगला चहा मिळत नाही, तेव्हा काय ते समजा."

बाहेर गाड्या काढताना दिग्विजय भूषणजवळ येऊन उभा राहिला. रागावलेला दिसत नव्हता, त्याला खरंच कोडं पडलं होतं. "माइक तुझ्या हातात होता, ब्रो. लीड होऊ शकला असतास. आता तू कोण? बॅकग्राउंड?"

"झीलकरी," भूषण म्हणाला.

"म्हणजे?"

"आमच्या घरातला हुद्दा आहे."

"कन्फर्मेशनचं बघू मग," दिग्विजय म्हणाला आणि गाडीत बसला. 

नम्रता मागून आली. तिनं भूषणच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "कुठे शिकलास हे?"

"आप्पांकडून. वडील माझे. शिकलो म्हणजे, बसून ऐकलं."

"घर जवळच आहे ना? मग आज परत ऑफिसला येऊ नकोस. जा त्यांच्याकडे."

संध्याकाळी त्यानं आप्पांना सगळं सांगितलं. सुंदराबाई आत शेंगा सोलत ऐकत होत्या. कारखाना, रंगनाथराव, अडकलेला 'न', ठेका, सगळं.  सांगून झाल्यावर आप्पांनी एकच गोष्ट विचारली.

"तिच्या वर गेलतास का?"

"नाही. खालीच राहिलो. ती सुटली तसा सोडून दिला."

"मग बराबर हाय," आप्पा म्हणाले.

तेवढंच. पण भूषणला एकदम भरून आलं. एवढी वर्षं हा माणूस कुणाच्या तरी ओळीखाली हात देऊन उभा होता, आणि आपल्याला ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी ते सगळं तयार हातात मिळालं, फुकट, न मागता. "आप्पा, तुमचे उपकार आहेत माझ्यावर," तो म्हणाला. असं त्यांच्या घरात कुणी कधी बोलत नसे. आप्पा गडबडले. "येडा का खुळा," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. आत शेंगांचा आवाज थांबला होता.

तेवढ्यात फोन वाजला. नम्रताचा होता.

"क्लायंटचा मेल आलाय," ती म्हणाली. "त्यात आपली दोघांची नावं आहेत, आणि पुढे लिहिलंय की यातलं एकही नाव गाळायचं असेल तर काम गाळा. दिग्विजयनं तुझ्या कन्फर्मेशनवर सही केली. कपाळाला आठ्या होत्या, पण केली. तू कन्फर्म, भूषण."

 "ताई," एवढंच म्हणाला, "तुमच्यामुळे."

"ते नंतर ठरवू," ती म्हणाली. 'नंतर' म्हणाली, ते त्याच्या लक्षात आलं. "आधी आप्पांना फोन दे. मला त्यांच्याशी बोलायचंय."

त्यानं स्पीकर लावून फोन आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी बाह्या नीट केल्या, जणू बाई समोरच आली होती.

"जय भीम, आप्पा," फोनमधून आवाज आला.

"जय भीम, जय भीम," आप्पा खुलले. "कोन बोलतंय म्हनायचं?"

आगाशे बोलतेय, असं ती म्हणणार, भूषणला वाटलं. नेहमीचा वळसा. पण फोनमधून श्वास घेतल्याचा आवाज आला आणि मग, "मी… न… न…"

भूषण फोनकडे झुकला. आप्पांनी हातानंच त्याला मागे सारलं. त्यांची दोन बोटं मांडीवर पडायला लागली आणि खालच्या, जुन्या, घासलेल्या सुरात ते म्हणाले, "बोला ताई, बोला ताई, बोला…"

"नम्रता," ती म्हणाली. मग पुन्हा, सावकाश, चव घेतल्यासारखी, "नम्रता आगाशे बोलतेय."

"नाव झ्याक हाय," आप्पा म्हणाले. "सांगत जावा."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. मग ती आप्पांना महिपतीबुवांबद्दल विचारू लागली आणि आप्पा रंगात येऊन सांगू लागले. दोन बोटं मात्र तशीच मांडीवर ठेका धरून होती, पुढे कुठं ओळ अडलीच तर असावीत म्हणून.